शंकर बाळकृष्ण दीक्षित : पोथीतील आकाश आणि डोळ्यांपुढचे आकाश

इ. स. १८८८ मध्ये जॉन फेथफुल फ्लीट यांनी संपादिलेला गुप्तकालीन कोरीव लेखांचा खंड प्रसिद्ध झाला. त्या खंडात छत्तीसगडातील तीन ताम्रपट समाविष्ट आहेत : आरंग येथील महाजयराजाचा, रायपूर येथील महासुदेवराजाचा आणि राजिम येथील तीवरदेवाचा. तिन्ही पटांवर काल घातलेला आहे. परंतु तो त्या त्या राजाच्या राज्यवर्षाचा आहे. कोणताही संवत नाही, वार नाही, ग्रहणाचा उल्लेख नाही. असल्या पटापुढे ज्योतिषी निरुपाय होतो. अक्षरांचे वळण पाहून शतकाचा अंदाज करावा, एवढेच अभ्यासकाच्या हाती उरते. याच खंडात माळव्यातील एरण येथील बुधगुप्ताचा स्तंभलेख आहे. त्यावर संवत १६५, आषाढ शुक्ल द्वादशी आणि गुरुवार असे स्पष्ट म्हटले आहे. वार मिळाला की गणिताला पाय ठेवण्यास जागा मिळते, कारण मानलेला आरंभकाल चुकला असेल तर वार आपोआप जुळण्याचा संभव सातांत एक एवढाच. ते गणित करून इ. स. ४८४ च्या जून महिन्याची २१ तारीख काढून देणारे गृहस्थ कोणी विद्यापीठातील पंडित नव्हते की वेधशाळेतील अधिकारी नव्हते. ते मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील एक शाळामास्तर होते. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

भारतीय ज्योतिषाचा इतिहासकार म्हणून दीक्षितांचे नाव सर्वत्र घेतले जाते. त्यांचा मोठा ग्रंथ संदर्भासाठी चाळला जातो आणि पुन्हा फळीवर ठेवला जातो. परंतु हा इतिहासकार मुळात आकाशाचा छंद असलेला माणूस होता, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या भारदस्तपणाखाली झाकली गेली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या सर्व लेखनाची किल्ली तेथेच आहे. पोथीत लिहिलेले आकाश आणि रात्री अंगणातून दिसणारे आकाश यांची गाठ घालून देणे, आणि दोहोंत विरोध आला तर तो न लपविणे, एवढेच काम त्यांनी आयुष्यभर निरनिराळ्या रीतींनी केले.

दीक्षितांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. जंजिऱ्याजवळचे मुरुड वेगळे. हे मुरुड महर्षी कर्व्यांचे. दीक्षितांचे बाळपणीचे शिक्षण गावातच झाले. थोडे वेदाध्ययन, थोडे संस्कृत आणि सरकारी मराठी शाळा असा तो त्या काळच्या कोकणातील नेहमीचा क्रम होता. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले आणि १८७४ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथे संपले. त्यानंतरचे आयुष्य म्हणजे बदल्यांची यादी : रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि १८९४ पासून पुन्हा पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज, या वेळी शिक्षक म्हणून. 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी', 'सृष्टचमत्कार' आणि पुढचे 'सोपपत्तिक अंकगणित' ही त्यांची पुस्तके याच व्यवसायातून निघालेली आहेत. 'सोपपत्तिक' हा शब्द ध्यानात ठेवण्याजोगा आहे. रीत सांगून थांबावयाचे नाही, ती का चालते हेही सांगावयाचे, हा शिक्षकाचा आग्रह त्यांच्या ज्योतिषविषयक लेखनातही कायम राहिला.

रेवदंड्याच्या वास्तव्यासंबंधी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्याच किनाऱ्यावर, खाडीपलीकडे थोडे दक्षिणेस, नांदगाव नावाचे गाव आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तेथे केशव दैवज्ञ राहात असत. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांचा 'ग्रहलाघव' हा शके १४४२ चा करणग्रंथ महाराष्ट्रातील पंचांगांचा आधार होऊन बसला आणि चारशे वर्षे तसाच राहिला. कीर्ती पुत्राच्या वाट्याला आली. दीक्षितांनी मात्र आपल्या इतिहासात पित्याकडे मुद्दाम लक्ष वेधले, कारण केशवाने स्वतः वेध घेतले होते. शके १४१८ च्या 'ग्रहकौतुका'च्या निमित्ताने त्याने सूर्य, ब्राह्म आणि आर्य या पक्षांनी येणारी ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहिली. कोणता ग्रह कोणत्या पक्षाने जुळतो आणि किती अंशांनी चुकतो हे नोंदून ठेवले. जुन्या ज्योतिष्यांची चरित्रे लिहिताना हा मनुष्य आकाशाकडे पाहात असे की नाही, हा प्रश्न दीक्षित प्रत्येकाविषयी विचारतात. ज्याच्याविषयी उत्तर होकारार्थी येते त्याच्यावर त्यांचा लोभ जडलेला दिसतो.

या प्रश्नाला त्या काळी धार होती. ग्रहलाघवाच्या कोष्टकांवरून केलेली पंचांगे एकोणिसाव्या शतकात आकाशाशी जुळेनाशी झाली होती. तिथी किंवा नक्षत्र चुकले तर सामान्य माणसास ते कळण्याचा मार्ग नसतो, कारण तिथी आकाशात लिहिलेली नसते. परंतु ग्रहणाची गोष्ट निराळी. स्पर्श अमुक घटकांनी, मोक्ष अमुक घटकांनी असे पंचांगात छापलेले असते. नदीवर स्नानासाठी उभी असलेली माणसे ते वाचून आलेली असतात, आणि सूर्याची कड कोणत्या क्षणी कापली जाऊ लागली हे प्रत्येकास दिसते. म्हणून ग्रहण ही पंचांगाची जाहीर परीक्षा ठरते. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' प्रसिद्ध केली आणि पुढे आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने नव्या गणिताचे पटवर्धनी पंचांग सुरू केले, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. केरूनानांचे गणित युरोपीय वेधांवर उभे होते, म्हणून त्यांची ग्रहणे जुळत. तरीही लोकांनी ते पंचांग सहजासहजी पत्करले नाही. ग्रहण जुळले तरी एकादशी बदलते, श्राद्धाची तिथी बदलते, आणि घराण्यात चालत आलेले व्रत एका दिवसाने सरकते. पंचांगातील चूक ज्याला शास्त्रीय वाटते त्याला ती दुरुस्त करणे सोपे वाटते. ज्याच्या घरातील कुळाचार त्या चुकीवर बसलेला असतो त्याला ते सोपे वाटत नाही. दीक्षितांना ही दुसरी बाजू कळत होती. त्यांनी जुन्या पंचांगकर्त्यांची थट्टा केली नाही. ग्रहलाघवाची गणिती चतुराई किती मोठी आहे हे त्यांनीच सर्वांत नीट समजावून दिले, आणि तो आता का चालणार नाही हेही.

केरूनाना जेथे थांबले त्याच्या पुढे एक पाऊल दीक्षितांनी टाकले, आणि ते अधिक धाडसाचे होते. वसंतसंपात स्थिर नाही. तो सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो. राशिचक्राचा आरंभ स्थिर ताऱ्यापासून मोजावयाचा की संपातापासून, हा निरयन-सायन वाद. निरयन मोजले तर महिने हळूहळू ऋतूंपासून सुटत जातात. आज ज्या महिन्यात वसंत आहे त्यात काही हजार वर्षांनी पावसाळा येईल. विसाजी रघुनाथ लेले यांनी सायन पक्ष प्रथम जोराने मांडला. त्यांना जनार्दन बाळाजी मोडक येऊन मिळाले. 'काव्येतिहाससंग्रहा'चे एक संपादक म्हणून वाङ्मयाच्या अभ्यासकांस जे मोडक ठाऊक आहेत तेच हे. तिसरे दीक्षित. या तिघांच्या खटपटीने १८८४ च्या सुमारास सायन पंचांग निघू लागले. ते फारसे खपले नाही, आणि खपेल अशी फार आशा त्यांनाही असावी असे वाटत नाही. दीक्षितांचा युक्तिवाद धर्मशास्त्राच्या आधारेच चाले : ज्या ग्रंथांनी मधु आणि माधव या महिन्यांना वसंत म्हटले त्यांना ऋतूंशी जुळणारे महिनेच अभिप्रेत होते, तेव्हा सायन मान हेच जुन्या वचनांशी इमान राखणारे होय. सुधारणेची बाजू परंपरेच्या कागदपत्रांवरून मांडण्याची ही पद्धत न्यायमूर्ती रानड्यांच्या पिढीची आहे. आकाशाच्या बाबतीत ती दीक्षितांइतक्या नेटाने दुसऱ्या कोणी वापरली नाही.

फ्लीट यांच्याशी दीक्षितांचा संबंध आला तो याच गणितामुळे. गुप्त संवताचा आरंभ केव्हा मानावयाचा यावर त्या वेळी मोठा वाद चालू होता. इ. स. ७७, १६६, १९० आणि ३१९ असे निरनिराळे पक्ष होते. अल्-बीरूनीने तो शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे सांगितले होते. परंतु ते कित्येकांना पटत नव्हते. दीक्षितांनी एरणसारख्या लेखांतील वार तपासले. त्याहीपेक्षा मौजेचे काम त्यांनी परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांवर केले. हस्ती आणि संक्षोभ या राजांच्या पटांत गुप्तवर्षाबरोबर महावैशाख, महाआश्वयुज, महाचैत्र अशी गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातील संवत्सरनामे येतात. ही नावे कशी पडत याचा उलगडा होत नव्हता, कारण सर्व जण गुरूच्या मध्यम गतीने हिशेब करून पाहात होते. दीक्षितांनी जुन्या संहिताग्रंथांतील एक नियम प्रमाण मानला : सूर्याच्या तेजात लोपलेला गुरू पुन्हा पहाटे पूर्वेस ज्या नक्षत्रात उगवतो, त्यावरून वर्षाचे नाव ठेवावे. असे दोन उदय सुमारे ३९९ दिवसांच्या अंतराने होतात, त्यामुळे बारा वर्षांत अकराच उदय येतात आणि चक्रातील एक नाव गळते. या नियमाने हिशेब केला तेव्हा पटांवरील नावे ३१९-२० च्या आरंभाशी जुळली. मध्यम गती कागदावर मोजता येते. उदय पाहण्यास पहाटे उठावे लागते. पाचव्या-सहाव्या शतकातील ते राजज्योतिषी कागदावरच्या ग्रहाने नव्हे, तर पूर्वेस दिसलेल्या ग्रहाने वर्षाचे नाव ठेवीत होते, हे पहाटेच्या आकाशाचा परिचय असलेल्या शिक्षकाला सुचावे यात नवल नाही. फ्लीट यांनी दीक्षितांची ही टिपणे आपल्या खंडास परिशिष्टरूपाने जोडली.

याच अभ्यासात ग्रहणांचा प्रश्न दुसऱ्या अंगाने पुढे आला. सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी भूमिदान करण्याची चाल सर्व देशभर होती, म्हणून ताम्रपटांत ग्रहणाचा उल्लेख वारंवार येतो. काठेवाडातील मोरबीच्या पटावर गुप्तवर्ष ५८५ आहे, सूर्यग्रहणाचा उल्लेख आहे, आणि शेवटी फाल्गुन शुक्ल पंचमी ही तिथी आहे. शुक्ल पंचमीस सूर्यग्रहण होणे शक्य नाही. अर्थात दान ग्रहणाचे आणि पट लिहिल्याची तिथी नंतरची, असे मानून मागचे ग्रहण शोधावे लागते. येथपर्यंत सरळ आहे. परंतु शेकडो पट तपासले गेले तेव्हा असे आढळून आले की त्यांपैकी काहींतील ग्रहणे भारतात कोठेच दिसली नसली पाहिजेत. मग राजाने दान दिले ते काय पाहून? उत्तर असे की, पंचांगातील गणिताने ग्रहण येत होते, ज्योतिष्याने तसे सांगितले आणि राजाने हातावर पाणी सोडले. आकाशाकडे कोणी पाहिले असो वा नसो, पर्व झाले. लेखी ग्रहण आणि दृश्य ग्रहण या दोन वेगळ्या घटना असू शकतात, हे कोरीव लेखांच्या अभ्यासकास तेव्हापासून विसरता येत नाही. दीक्षितांना ही गोष्ट आपल्याच काळातील पंचांगवादावरून चांगली परिचित होती.

म्हणूनच मद्रास मुलकी खात्यातील रॉबर्ट स्यूएल यांच्याबरोबर त्यांनी तयार केलेला कालगणनेचा इंग्रजी ग्रंथ दोन्ही प्रकारची सोय करतो. हा ग्रंथ १८९६ मध्ये लंडनला निघाला. भारतीय सिद्धान्तांच्या रीतीने तिथी काढण्याची कोष्टके त्यात आहेत, आणि व्हिएन्नाचे डॉ. श्राम यांनी केलेली भारतात दिसणाऱ्या सूर्यग्रहणांची कोष्टकेही जोडलेली आहेत. त्यापूर्वी ओप्पोल्झर यांनी १८८७ मध्ये इ. स. पूर्व १२०८ पासून इ. स. २१६१ पर्यंतच्या ८००० सूर्यग्रहणांचे आणि ५२०० चंद्रग्रहणांचे प्रचंड गणित प्रसिद्ध केले होते. परंतु हिंदुस्थानातील एखाद्या गावी ग्रहण दिसले की नाही हे त्यावरून ठरविणे साध्या अभ्यासकाच्या आवाक्यातील नव्हते. दीक्षित-स्यूएल यांच्या ग्रंथाने ते काम शाळेतल्या अंकगणितावर आणून ठेवले. पुराभिलेखाच्या अभ्यासकांच्या टेबलावर तो पुढची कित्येक दशके होता.

आता दीक्षितांच्या सर्वांत गाजलेल्या आणि सर्वांत वादग्रस्त सिद्धान्ताकडे वळावयाचे. शतपथ ब्राह्मणात अग्न्याधानाच्या संदर्भात कृत्तिकांविषयी असे विधान आहे की त्या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात. हे वाक्य विद्वानांनी शतवार वाचलेले होते. दीक्षितांनी ते आकाशाकडे पाहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने वाचले. नक्षत्र बरोबर पूर्वेस उगवते याचा अर्थ ते विषुववृत्तावर आहे. आज कृत्तिका विषुववृत्ताच्या सुमारे २४ अंश उत्तरेस आहेत, म्हणून पुण्याच्या क्षितिजावर त्या ठीक पूर्वेपासून २५ अंशांच्या आसपास उत्तरेकडे उगवताना दिसतात. हा फरक एवढा ढोबळ आहे की पोरवयातील माणसाच्याही लक्षात यावा. ज्याने ते विधान केले त्याच्या काळी कृत्तिका पूर्वेस उगवत असल्या पाहिजेत. आणि संपातचलनाच्या हिशेबाने तो काळ इ. स. पूर्व ३००० च्या सुमाराचा येतो. १८९५ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त त्यांनी हे मांडले. लोकमान्य टिळकांचा मृगशीर्षावरील ग्रंथ दोनच वर्षे आधी, १८९३ मध्ये, निघाला होता, आणि बॉन येथील याकोबी स्वतंत्रपणे तशाच निष्कर्षावर आले होते. टिळकांचे अनुमान कथा, रूपके आणि शब्दव्युत्पत्ती यांच्या लांबच्या साखळीवर उभे आहे. दीक्षितांचे एका वाक्यावर आहे. साखळीतील एखादी कडी तुटली तरी टिळकांपाशी दुसऱ्या कड्या राहतात. दीक्षितांचे वाक्य दुसऱ्या अर्थाने लावले की त्यांचे सारे अनुमान संपते.

आणि तसे दुसऱ्या अर्थाने ते लावलेही गेले. विंटरनिट्झ यांनी म्हटले की, कृत्तिका बराच वेळ पूर्वेकडच्या भागात दिसत राहतात एवढाच त्या वचनाचा आशय. ठीक पूर्वबिंदूची सूक्ष्म कल्पना ब्राह्मणकारांवर लादू नये. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिंग्री यांनीही या पुराव्याला मान्यता दिली नाही. दुसरीकडे काही भारतीय गणितज्ञांनी दीक्षितांची बाजू नव्या साधनांनी पुन्हा मांडली. वाद मिटलेला नाही. माझे मत विचाराल तर, वचनात एक स्मृती आहे एवढे दीक्षित सिद्ध करतात. ग्रंथ त्या काळचा आहे हे सिद्ध करीत नाहीत. यज्ञविधीत जुनी वाक्ये शेकडो वर्षे वर्तमानकाळातच म्हटली जातात, आणि दीक्षितांनी त्या क्रियापदाच्या वर्तमानकाळावर अतोनात भार टाकला. असे असले तरी यज्ञवेदीची दिशा ठरविणाऱ्या लोकांना पूर्व दिशा ढोबळच कळत होती, हे विंटरनिट्झ यांचे गृहीतही मला सोपे करून घेतलेले वाटते. सिद्धान्तज्योतिष ग्रीकांकडून किती आले या प्रश्नावरही दीक्षितांचा कल भारतीय स्वातंत्र्याकडे आहे, आणि पुढील संशोधनाने तेथे त्यांच्यापासून पुष्कळ दूर जावे लागले आहे. परंतु विरुद्ध पक्षाचा पुरावा ते गाळीत नाहीत. त्यांच्याच ग्रंथातील सामग्रीने त्यांचे खंडन करता येते, याहून मोठी प्रशस्ती इतिहासकाराची काय करावी?

तो ग्रंथ, म्हणजे 'भारतीय ज्योतिःशास्त्र', दक्षिणा प्राइझ कमिटीच्या पारितोषिकाच्या निमित्ताने लिहिला गेला आणि १८९६ मध्ये पुण्यास छापून निघाला. पहिल्या भागात वैदिक आणि वेदांगकाल, दुसऱ्यात सिद्धान्तकाल. शेकडो हस्तलिखितांचा धांडोळा. आर्यभटापासून आपल्या काळापर्यंतच्या ज्योतिष्यांची चरित्रे. हे सर्व त्यांनी मराठीत लिहिले, याचे महत्त्व वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पुरेसे ओळखलेले नाही. इंग्रजीत लिहिण्याची त्यांना अडचण नव्हती. त्यांचे निबंध इंग्रजी नियतकालिकांतून येतच होते. तरी मुख्य ग्रंथ त्यांनी ज्यांच्या हातात पंचांग होते त्यांच्या भाषेत लिहिला. त्यांचे गद्य चिपळूणकरी वळणाचे नाही; त्यात आवेश नाही, शब्दालंकार नाही. वाक्ये लहान, पक्ष-प्रतिपक्ष स्पष्ट, आणि मध्येच शिक्षकाने फळ्यावर एक उदाहरण करून दाखवावे तसे एखादे गणित सोडवून दाखविलेले.

त्याआधी, १८९२ च्या सुमारास, त्यांनी 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज' हे पुस्तक सामान्य वाचकांसाठी काढले. नक्षत्रे आणि ग्रह ओळखण्याची गोडी लावणारे मराठीतील हे आरंभीचे आणि फार लोकप्रिय झालेले पुस्तक होय. मला त्याच्या नावातील घटका या शब्दाचे नेहमी कौतुक वाटते. घटका म्हणजे २४ मिनिटे. पंचांगातील तिथी आणि ग्रहणाचे स्पर्श-मोक्ष याच मापाने मोजीत. जो शब्द तोवर मुहूर्ताच्या धाकात वावरत होता त्याच्या शेजारी दीक्षितांनी मौज हा शब्द आणून बसविला. आकाश पाहण्यास यजमान लागत नाही, दक्षिणा लागत नाही आणि दुर्बीणही लागत नाही. पुण्यात १९४४ मध्ये हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली, तिच्यासारख्या मंडळींचे पूर्वज शोधावयाचे तर या पुस्तकापर्यंत यावे लागते.

दीक्षित पुण्यास ट्रेनिंग कॉलेजात शिकवीत होते त्याच वेळी त्याच शहरात, सायन्स कॉलेजाच्या आवारात, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा होती. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते आणि २० इंची परावर्तक दुर्बीण तेथे होती; तेव्हा हिंदुस्थानात एवढी मोठी दुसरी नव्हती. एकाच गावातील ही दोन ज्योतिषे होती. एक वर्णपटावरून सूर्याचे द्रव्य तपासणारे, दुसरे पोथ्यांवरून काळ तपासणारे. तिसरे प्रकारचे ज्योतिष त्याच सुमारास ओरिसातील खंडपाड्यास चालले होते. तेथे सामंत चंद्रशेखर यांनी बांबूच्या यंत्रांनी, नुसत्या डोळ्यांनी ग्रहांचे वेध घेऊन आपला 'सिद्धान्तदर्पण' संस्कृतात रचला होता. तो छापला गेला १८९९ मध्ये.

२२ जानेवारी १८९८, शके १८१९ ची पौष अमावास्या. त्या दिवशी दुपारी खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणच्या किनाऱ्यावर उतरली आणि देशाच्या अंगावरून तिरपी ईशान्येस गेली. विजयदुर्गास नॉर्मन लॉकयर, जेऊरला नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल, वऱ्हाडात तळणीस माँडर आणि एव्हरशेड, पुलगावला आणि पुढे शहडोलला आणखी इंग्रज तुकड्या. खग्रास अवस्था सुमारे दोन मिनिटांची. छायेचा पट्टा रायपूरच्या वायव्येकडून गेला, त्यामुळे छत्तीसगडच्या मैदानात ते ग्रहण खंडग्रासच राहिले. विजयदुर्गच्या किल्ल्यावर साहेबाचे ओटे म्हणून दाखवितात ते याच मोहिमेचे अवशेष. लॉकयरने हेलियमचा शोध तेथे १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लावला, अशी जी समजूत रूढ झाली आहे ती खरी नाही. १८६८ मध्ये लॉकयर इंग्लंडातच होते. त्या वर्षीचे ग्रहण जांसेन आणि टेनंट यांनी गुंटूरला पाहिले. दोन ग्रहणे तीस वर्षांच्या अंतराची, दोन्ही कोकण-कर्नाटकच्या आसपासची, आणि लोकस्मृतीने त्यांचे एक करून टाकले. ताम्रपटातील ग्रहणांबाबत दीक्षितांनी जो गुंता सोडविला तो असाच.

१८६८ मध्ये ते पंधरा वर्षांचे होते. १८९८ च्या ग्रहणानंतर तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, त्यांचे निधन झाले. वय पुरते पंचेचाळीसही नव्हते. 'भारतवर्षीय भूवर्णन' हे त्यांचे भूगोलविषयक पुस्तक १८९९ मध्ये, त्यांच्या मागे निघाले.

त्यांच्या पक्षांचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येईल. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवसापासून, भारताचे राष्ट्रीय सौर पंचांग सुरू झाले. त्याचे वर्ष सायन आहे, महिने ऋतूंशी बांधलेले आहेत. सरकारी राजपत्रावर आणि आकाशवाणीवर ती तारीख चालू झाली. घरातील भिंतीवर मात्र निरयन पंचांगच राहिले, आणि धार्मिक तिथींसाठी समितीलाही निरयन मानाची तडजोड करावी लागली. मोठ्या ग्रंथाची दुसरी मराठी आवृत्ती १९३१ मध्ये निघाली. त्याचा हिंदी अनुवाद १९५७ मध्ये लखनौस झाला, म्हणजे रायपूरच्या वाचकास तो त्याच्या भाषेत मिळण्यास साठ वर्षे लागली. इंग्रजीस आणखी उशीर झाला. उज्जैनच्या वेधशाळेशी संबंध असलेले रा. वि. वैद्य यांनी केलेल्या भाषांतराचा पहिला भाग १९६९ मध्ये आणि दुसरा १९८१ मध्ये सरकारतर्फे प्रसिद्ध झाला. तोवर युरोप-अमेरिकेतील ज्या अभ्यासकांनी भारतीय ज्योतिषाचे इतिहास लिहिले, त्यांच्यापैकी थोडे मराठी शिकले. बाकीच्यांनी दीक्षितांचे नाव तळटिपेत घेतले आणि पुढे गेले.